हातातले शिल्प
(विहाराच्या वर्धापन दिनी साजगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला आहे, "गरीब वस्तीतल्या मुलांना हुन्नर शिकवणे". मी काही प्राध्यापक नाही. कागद गिरणीत पाळी करणारा कामगार आहे. शाळा नववीत सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून मोठे शब्द माझ्याकडून निघणार नाहीत. जे वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या साजगावात उभे राहिले की कोणत्याही बाजूला कारखाना दिसतो. खोपोलीपर्यंत लोखंड, पाइप, कागद, रसायन, सगळे आहे. बाहेरगावची माणसे इथे पोटासाठी येतात. आणि आपला पोरगा? दहावी नापास झाला किंवा काठावर पास झाला, की महिनाभर नाक्यावर बसतो, मग कोणीतरी ठेकेदाराकडे नेऊन उभा करतो. ठेकेदार विचारतो, "काय येतं?" पोरगा म्हणतो, "सांगाल ते करीन." झाले! "सांगाल ते करीन" म्हणणाऱ्याला आपल्याकडे हेल्पर म्हणतात.

हेल्परचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. उलट सगळ्यात जड काम तोच करतो. पण बघा, किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल अशा पायऱ्या असतात. हेल्पर विसाव्या वर्षी पहिल्या पायरीवर उभा राहतो आणि चाळिसाव्या वर्षीही तिथेच असतो. वीस वर्षे ओझे उचलल्याने पाठ वाकते, हुन्नर येत नाही. ठेका बदलला की त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. त्याच कारखान्यात मोटर बांधणारा, वेल्डिंग मारणारा, बेअरिंग बदलणारा माणूस मात्र शोधून आणावा लागतो. त्याला ठेकेदारसुद्धा "भाऊ" म्हणून हाक मारतो.

हे मी आपल्या गल्लीत बोललो तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी मला रोखठोक विचारले, "बाबासाहेबांनी आम्हाला हातातली गावकीची कामं टाकायला सांगितली, पुस्तक धरायला सांगितलं. आणि तू आमच्या नातवांच्या हातात हातोडा देतोस? आम्ही पुन्हा हातकामाला लागायचं, आणि साहेब कोणी व्हायचं?"

काकांचा प्रश्न खोटा नाही. ज्यांनी मेलेली ढोरे ओढली त्यांच्या नातवाला हाताच्या कामाची शिसारी येणारच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९१५ साली आपल्या शेजारी खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी घाटावरून नळांतून खाली आणायचे आणि त्यावर वीज तयार करायची. ती वीज गेली कुठे? मुंबईच्या कापड गिरण्यांना. म्हणजे आपल्या डोंगराच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आपली हजारो माणसे कामाला गेली. पण गिरणीच्या आतही एक दरवाजा त्यांना बंद होता. तो म्हणजे माग खात्याचा.

गिरणीत कताई खाते आणि माग खाते वेगळे. मागावर पगार जास्त, आणि तिथे हुन्नरही जास्त लागतो. त्या काळी धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावणार, म्हणून सवर्ण कामगार म्हणायचे, या खात्यात अस्पृश्य नको, बाटवाबाटवी होईल. आपली माणसे कताईच्या खात्यात कमी मजुरीवर राहिली. त्यांना गिरणीने काम दिले नाही असे नाही. काम दिले, हुन्नर दिला नाही. हे नीट ध्यानात घ्या. १९२८ चा गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हीच गोष्ट ठामपणे मांडली, की माग खात्यासकट सगळ्या खात्यांत आमच्या माणसाला काम मिळालेच पाहिजे.

आता काकांना माझे उत्तर असे. गावकीचे काम जन्माने माथी मारलेले होते. ते शिकायचे नव्हते, सोडायची मुभा नव्हती, भाकरतुकड्यावर करायचे होते. फिटर, वायरमन, टर्नर यांचा धंदा कोणाच्या जातीचा नाही. तो शिकावा लागतो, त्याची परीक्षा होते, त्याचे सर्टिफिकेट मिळते, त्याचा दर ठरतो, आणि पटले नाही तर दुसऱ्या दारी जाता येते. पहिल्यात हात बांधलेले होते, दुसऱ्यात हात मोकळे होतात. बाबासाहेबांनी पहिले टाकायला सांगितले. दुसऱ्यासाठी तर ते भांडले.

कसे भांडले ते ऐका. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्याच. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या आणि काम शिकवा, अशीही मागणी त्यांनी केली. परदेशात शिकून आलेला, बॅरिस्टर झालेला माणूस रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या उमेदवारीची काळजी करत होता! कॉलेज आणि वर्कशॉप ही दोन्ही दारे उघडली पाहिजेत, असा त्यांचा हिशोब होता.

पुढे १९४५ साली त्याच मजूर खात्याखाली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले. युद्धावरून परतलेल्या माणसांना धंदेशिक्षण आणि नोकरी देणे हे त्याचे काम होते. त्याच वाटेने १९५० मध्ये देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिलाच आपण बोलताना आय.टी.आय. म्हणतो. तेव्हा आय.टी.आय.ला जाणाऱ्या पोराकडे "कॉलेज जमलं नाही म्हणून गेला" अशा नजरेने बघणे आपण बंद केले पाहिजे.

या योजनेच्या नावातच "शिल्प" हा शब्द आहे. आपण विहारात मंगल सुत्त म्हणतो, त्यात "सिप्प" असा शब्द येतो. सिप्प म्हणजेच शिल्प, हाताचे कौशल्य. भगवंतांनी उत्तम मंगल गोष्टी मोजल्या, त्यात बहुश्रुतपणाच्या शेजारीच शिल्पाला बसवले आहे. सिगालोवाद सुत्तात आईबापांची मुलांबाबतची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. वाईटापासून आवरणे, चांगल्याला लावणे, शिल्प शिकवणे, योग्य जोडीदार पाहणे आणि वेळेवर वारसा सोपवणे. लग्नाच्या आधी शिल्प आहे, हे आईबापांनी लक्षात घ्यावे. आपण लग्नासाठी कर्ज काढतो, शिल्पासाठी फॉर्म आणायला कंटाळतो.

आता हुन्नर म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांनी वर्कशॉप पाहिले नाही त्यांना वाटते, हत्यार धरले की आले. फिटरच्या मुलाला सुरुवातीला लोखंडाचा तुकडा आणि कानस देतात. सांगतात, हा सपाट कर. पोरगा दिवसभर कानस मारतो, हाताला फोड येतात. मग गुण्या लावून उजेडाकडे धरतात. जिथून उजेड दिसतो तिथे तुकडा खाली गेलेला आहे. पुन्हा कानस. आठवडे असे जातात. पण त्या आठवड्यांत हाताला सरळ आणि वाकडे यांतला फरक कळतो, डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरची किंमत कळते. मग व्हर्निअरवर माप घेणे येते, नकाशा वाचणे येते. शाळेत ज्याला अपूर्णांक कधी समजले नाहीत, त्याला ड्रिलच्या मापात ते समजतात. म्हणून मी म्हणतो, हुन्नर शिकणे हेही शिकणेच आहे. फक्त पाटी वेगळी.

याचा एक मोठा दाखला आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे कोरडवाहू गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हे गृहस्थ अमेरिकेत शिकलेले, मोठ्या कंपनीत संशोधन करणारे. ते सोडून पाबळला येऊन राहिले. शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या खेड्यातल्या मुलांना त्यांनी एका वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात घेतले. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती व जनावरे, घर आणि आरोग्य, हे सगळे थोडे थोडे. पण शिकवायची रीत अशी की खोटे काम द्यायचे नाही. गावात कोणाला खरोखर फाटक पाहिजे, तेच फाटक बनवायचे. त्याचे चित्र काढायचे, लोखंड किती लागेल ते मोजायचे, खर्च मांडायचा, मग काम करायचे. काम वाकडे झाले तर गिऱ्हाईक बोलणार. मास्तरने दिलेल्या मार्कांपेक्षा ती परीक्षा जास्त खरी.

तीच रीत त्यांनी शाळांतही नेली. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करून तंत्र शिकायचे, आणि तो विषय बोर्डाच्या परीक्षेतही मान्य झाला. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम पुढेही चालू राहिला. यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की नापास शिक्का बसलेला मुलगा मठ्ठ नसतो. त्याला हाताने शिकता येते, आणि हाताने शिकता शिकता त्याचे डोकेही चालू लागते.

आता व्यवहाराचे बोलतो. आई-मावश्यांनी कान देऊन ऐकावे, कारण फॉर्म भरायची आठवण घरात तुम्हीच करून देता.

पहिली गोष्ट, आय.टी.आय. राज्यात चारशेच्या वर सरकारी आय.टी.आय. आहेत. वय १४ पूर्ण पाहिजे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, दहावी पास लागते. वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम असे काही ट्रेड एक वर्षाचे आहेत, ते आठवी पासवरही होतात. वायरमनलाही आठवी पास चालते, पण तो दोन वर्षांचा. प्रवेश ऑनलाइन, दहावीच्या निकालाच्या सुमारास. अनुसूचित जातीला १३ टक्के, जमातीला ७ टक्के जागा आहेत, आणि मुलींसाठी ३० टक्के. पण जातीचा दाखला हातात नसला तर राखीव जागा कागदावरच राहते. दाखल्याची धावपळ जूनमध्ये करू नका, मूल नववीत असतानाच करा.

दुसरी गोष्ट, आय.टी.आय. केले म्हणजे पुढचे शिक्षण संपले असे नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड आणि वरून भाषेचे विषय पास केले तर बारावीची समकक्षता मिळते. दोन वर्षांच्या ट्रेडवर पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्याला थेट दुसऱ्या वर्षात अर्ज करता येतो. तेव्हा काकांना सांगतो, साहेब व्हायचा रस्ता वर्कशॉपमधूनही जातो.

तिसरी गोष्ट, उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिस. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या नियमांनी असे ठरले की ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसे आहेत तिला आपल्या माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. यात ठेक्यावरची माणसेही मोजतात. त्याच नियमांनी शिक्षणाप्रमाणे किमान विद्यावेतन महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याचे कलमही कायद्यात आहे. मग मला सांगा, साजगाव ते खोपोली या पट्ट्यात ३० माणसांच्या वरचे कारखाने किती? आणि तिथे आपले शिकाऊ उमेदवार किती? हा हिशोब कोणी मागितला आहे का? मागितल्याशिवाय कोणी देत नसतो.

चौथी गोष्ट, रेल्वे. मध्य रेल्वे शिकाऊ उमेदवारांची भरती काढते, गेल्या काही वर्षांत चोवीसशेच्या आसपास जागा निघाल्या. परळ आणि माटुंग्याचे वर्कशॉप, कुर्ला-कल्याणची शेड यांत त्या असतात. दहावी आणि आय.टी.आय.च्या मार्कांवर यादी लागते, वेगळी परीक्षा नाही. उमेदवारी पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये ज्या वर्कशॉपचे दार ठोठावले, तिथे आज आपला पोरगा खोपोली लोकल पकडून जाऊ शकतो. नुसता फॉर्म भरला नाही म्हणून तो जात नसेल, तर याला काय म्हणावे?

आता काही इशारेही दिले पाहिजेत. हुन्नराच्या नावाखाली लहान पोरांना कामाला जुंपायचे नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ च्या मुलांना धोक्याच्या धंद्यात घालणेही गुन्हा आहे. रसायनाच्या कारखान्यात, भट्टीवर सोळा वर्षांचा पोरगा "शिकायला" पाठवणारा बाप त्याला शिकवत नाही, विकतो आहे. आपल्या आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली लेकरे आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. तिथे ती विटा वाहायला शिकतात, हुन्नर शिकत नाहीत. आपण वर्ग काढला तर त्यांनाही हाक मारली पाहिजे. आपल्याला माग खात्याबाहेर ठेवले होते, आपण दुसऱ्याला बाहेर ठेवायचे नाही.

दुसरा इशारा. ज्या मुलाला पुस्तकाची गोडी आहे, ज्याला डॉक्टर-वकील व्हायचे आहे, त्याला गरीब म्हणून वर्कशॉपमध्ये ढकलू नका. गरिबाने हातानेच काम करावे आणि श्रीमंताने डोक्याने, असे कोणी सांगू लागला तर तो नव्या रूपात जुनीच गावकी सांगतो आहे. निवड मुलाची, आणि वाट दोन्हीकडची मोकळी.

तिसरा इशारा, एकाच मशीनचे गुलाम होऊ नका. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसत गेल्या. माझ्या नात्यातली माणसे गावी परत आली. ज्यांना एकच साचा माहीत होता, त्यांच्या हाताला गावात काम उरले नाही. जे मेंटेनन्सला होते, ज्यांना मोटर, बेअरिंग, वायरिंग कळत होते, त्यांनी पंप दुरुस्तीवर घर चालवले. मशीन जाते, समज राहते. म्हणून नुसते बटण दाबायला शिकवणाऱ्या आणि पंधरा दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या दुकानांपासून सावध राहा.

आणि मुलींचे. आमच्याकडे मुलीला हुन्नर म्हटले की शिलाई मशीन. शिलाई चांगली, पण ती एकच का? इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला मुलगी बसू शकते, वेल्डरला बसू शकते. वायर ओढणाऱ्याचा हात बाईचा की पुरुषाचा हे विजेला कळत नाही.

शेवटी, विहाराने काय करावे? पैसा नाही हे मला माहीत आहे. म्हणून झेपेल तेवढेच सांगतो.

निकालाच्या दिवसांत विहारात संध्याकाळी एक टेबल मांडावे. ज्या पोरांना मोबाइल चालवता येतो त्यांनी फॉर्म भरून द्यावेत, ज्यांना कचेऱ्या माहीत आहेत त्यांनी दाखल्यांसाठी बरोबर जावे. दर रविवारी दोन तास आपल्यातल्याच एखाद्या फिटरने, परवानाधारक वायरमनने, शिवणकाम येणाऱ्या ताईने आठवी-नववीच्या मुलांना शिकवावे. माप घेणे, चित्र काढणे, खर्च मांडणे, हत्यार ओळखणे. धोक्याचे मशीन नको, वीज चालू असताना हात नको. आणि पाबळसारखे खरे काम द्यावे. विहाराचे मोडके बाक आहेत, नळ गळतो आहे, खिडकीची कडी तुटली आहे. तेच पहिले धडे. एक कपाट हत्यारांसाठी ठेवा. पुस्तकांच्या कपाटाशेजारीच ठेवा, म्हणजे दोघांची सोयरीक राहील. आणि वर्षातून एकदा चार जाणत्यांनी निवेदन घेऊन कारखान्यांत जावे, शिकाऊ उमेदवारांच्या जागांचा हिशोब नम्रपणे पण लेखी मागावा. पोच घ्यायला विसरू नये.

यातून पहिल्या वर्षी दोन मुले आय.टी.आय.ला गेली तरी पुष्कळ. त्या दोघांनी पुढच्या चौघांना शिकवावे. आपण दानपारमिता म्हणतो. आपल्याला येणारे काम दुसऱ्याच्या लेकराला शिकवणे, यासारखे दान गरिबाला दुसरे परवडणारे नाही, आणि ते दिल्याने कमी होत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी माझी कानस आणि गुण्या घेऊन विहारात येणार आहे. ज्यांच्या घरी आठवी-नववीचे मूल आहे त्यांनी पाठवावे. जुनी, वापरात नसलेली हत्यारे घरात पडली असतील तर तीही द्यावीत.



नमो बुद्धाय! जय भीम!